मुलाच्या टॉन्सिलचं ऑपरेशन सांगितलंय, कुणी केलंय का? अनुभव सांगा प्लीज

सुदामानगरची_आई

नमस्कार सगळ्यांना, मी इंदूरची, सुदामा नगरला राहते. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची टॉन्सिलसारखीच गाठ) दोन्ही काढायला सांगितलंय आणि घरात त्यावरून रोज चर्चा चालू आहे, निर्णय काही होत नाहीये.

थोडं सविस्तर सांगते. लहानपणापासूनच याला सारखी सर्दी, घसा, ताप. अँटिबायोटिकचा कोर्स संपला की थोडे दिवस बरं, की परत तेच. पण त्यापेक्षा मला जास्त काळजी रात्रीची वाटते. तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, म्हणजे पलीकडच्या खोलीत ऐकू येईल असं, आणि मध्येच एकदम शांत होतो, छाती हलतेय पण श्वासाचा आवाज नाही, आणि मग दचकल्यासारखा जोरात श्वास घेऊन कूस बदलतो. मान मागे टाकून झोपायची सवय लागलीय. अंथरूण ओलं करणं बंद झालं होतं ते परत सुरू झालंय. शाळेतून मॅडम म्हणतात की वर्गात पेंगतो आणि चिडचिड करतो. ईएनटी डॉक्टरांनी एक्स-रे काढला, ॲडेनॉइडने नाकामागची जागा बरीच भरलीय म्हणाले, आणि टॉन्सिल ग्रेड ४, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून जवळजवळ एकमेकांना टेकलेत. नाकातला स्प्रे बरेच दिवस देऊन बघितला, फारसा फरक नाही.

सासूबाईंचं म्हणणं की टॉन्सिल म्हणजे शरीराचे पहारेकरी, काढले तर मूल कायमचं नाजूक होईल, मोठा झाला की आपोआप कमी होतं, हळद-मिठाच्या गुळण्या करू. त्या मनापासून बोलतात, त्यांनी चार मुलं वाढवलीयत, त्यामुळे मलाही उडवून लावता येत नाही. ह्यांना भुलीचीच भीती वाटते.

तर विचारायचं असं की थांबून बघावं का? काढल्यावर प्रतिकारशक्ती खरंच कमी होते का? डॉक्टर कोब्लेशन म्हणतात, म्हणजे मशीनने काढायची एक पद्धत, ते घ्यावं की साधं? आणि नंतर मूल खातं-पितं कसं, किती दुखतं? मार्चमध्ये परीक्षा झाल्या की रंगपंचमीची गर्दी-गुलाल आटोपल्यावर करावं असं डोक्यात आहे, मेच्या उन्हात नको वाटतं. ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा.

राजेंद्रनगर_मराठी

ताई, आमच्या मुलीचं केलंय, इंदूरलाच, टॉन्सिल आणि ॲडेनॉइड एकदम. तुम्ही लिहिलंय ते रात्रीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला, अगदी तिचंच.

ऑपरेशनचा दिवस सगळ्यात सोपा असतो हे आधी मनात धरा. सकाळी आत नेलं, तासाभराच्या आसपास बाहेर आणलं, शुद्धीवर येताना खूप रडली, हात-पाय झाडले, मला ओळखतच नव्हती, ते बघून माझे बाबा रडायला लागले. नर्स म्हणाली लहान मुलं भुलीतून उठताना अशीच करतात, थोड्या वेळाने शांत होतील आणि तसंच झालं, उठल्यावर तिला आठवतही नव्हतं. संध्याकाळी थंड दूध प्यायली, रात्री एक दिवस ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी घरी. घरी आल्यावर तर इतकी बरी दिसत होती की सगळे म्हणाले झालं, सुटलो.

खरं दुखणं त्याच्या पुढे येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वाढतं आणि आठवडाभर तसंच राहतं, कधी थोडं पुढेही. घशात जिथे टॉन्सिल होते तिथे पांढरा-पिवळा थर धरतो, बघितलं तर पू झाल्यासारखा वाटतो पण तो पू नसतो, जखमेवरची खपलीच ती, घशात ओलसर असल्यामुळे पांढरी दिसते. तोंडाला वास मारतो, चांगलाच मारतो, घाबरू नका. आणि कान! मुलगी रात्री कान धरून रडायला लागली, आम्हाला वाटलं कानात काही झालं, डॉक्टर म्हणाले घशाची आणि कानाची नस एकच असल्यामुळे घशाचं दुखणं कानात जाणवतं, कान ठीक आहे. हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्या रात्री इतकं घाबरलो नसतो म्हणून तुम्हाला सांगतेय.

औषध घड्याळ लावून द्या. दुखायला लागलं की देऊ, असं नाही. डॉक्टरांनी वजनावरून पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन लिहून दिलं होतं, दोन्हीच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या होत्या आणि रात्रीसुद्धा अलार्म लावून उठवून द्यायचो. झोपलेल्या मुलाला उठवायचं जिवावर येतं पण डोस चुकला की सकाळी घसा इतका कोरडा आणि दुखरा असतो की पाणीच पीत नाही, पाणी नाही प्यायलं की अजून दुखतं, मग औषधही थुंकून टाकतं, आणि ते चक्र मोडायला पूर्ण दिवस जातो. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने खायला-प्यायला द्यायचं, तेव्हा जातं.

खायचं म्हणाल तर आमच्याकडे मऊ भात-तूप, मुगाच्या वरणाचं पाणी, साबुदाण्याची पातळ खीर, थंड दूध, आईस्क्रीम, कुस्करलेलं केळं. आणि आपली इंदुरी शिकंजी घरी केली, सुकामेवा न घालता नुसती दुधाची गार गार, ती मात्र आनंदाने प्यायची. लिंबू, संत्रं, टोमॅटो नको, चुरचुरतं. लाल रंगाचं सरबत, लाल जेली पण नको, कारण उलटी झाली तर रक्त आहे की रंग हे कळत नाही. खाल्लं नाही तरी चालतं दोन-चार दिवस, वजन थोडं उतरतं आणि परत येतं, पण पाणी मात्र पाहिजेच. लघवी नीट होतेय ना एवढं बघत राहायचं, सहा-आठ तास झालीच नाही तर लगेच फोन करायचा.

पाणी पिताना थोडं नाकातून यायचं आणि आवाज काही दिवस गेंगाणा झाला होता, नंतर आपोआप ठीक.

आणि झोप... ताई, पहिल्या काही रात्री सुजेमुळे घोरली, पण नंतर एका रात्री मी उठून तिच्या नाकाशी हात नेऊन बघितलं की श्वास चालू आहे ना, इतकी आवाज न करता झोपली होती. आता भूक सुद्धा वाढलीय.

लष्कर_ग्वाल्हेर

नमस्कार, मी ग्वाल्हेरहून. आमचा अनुभव थोडा उलटा आहे म्हणून लिहितो. आमच्या मुलाला पण सारखा घसा धरायचा आणि एका डॉक्टरांनी पटकन काढून टाका म्हणून सांगितलं, पण दुसऱ्यांना दाखवलं त्यांनी एक हिशोब सांगितला जो मला फार पटला. नुसत्या घशाच्या इन्फेक्शनसाठी काढायचं असेल तर एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा तरी झालेलं पाहिजे, आणि तेही खरंखुरं टॉन्सिलचं, म्हणजे १०१ च्या वर ताप, किंवा टॉन्सिलवर पांढरे डाग, किंवा मानेत गाठी, किंवा स्ट्रेपची (घसा धरायला लावणाऱ्या एका जंतूची) टेस्ट पॉझिटिव्ह. नुसतं घसा लाल झाला, सर्दी-खोकला झाला ते धरायचं नाही. यापेक्षा कमी असेल तर वाट बघणं योग्य कारण बऱ्याच मुलांचं वयाबरोबर कमी होतं. त्यांनी वही करायला लावली, तारीख, ताप किती, काय औषध. वर्षभर लिहिलं तर कळलं की निम्म्याहून जास्त वेळा साधी सर्दीच होती. आम्ही थांबलो आणि आता मुलगा दहाच्या पुढे गेलाय, क्वचित होतं.

पण ताई तुमच्याकडे मुद्दा वेगळा आहे हो. श्वास अडकणं हा इन्फेक्शन मोजण्याचा विषयच नाही. ॲडेनॉइड मोठेपणी आक्रसतात ते खरं, पण तोपर्यंत रोज रात्री त्याचा श्वास अडकत राहणार, आणि दिवसा पेंगणं, चिडचिड, अंथरूण ओलं होणं हे सगळं त्या अपुऱ्या झोपेशीच जोडलेलं असू शकतं. तुमच्या जागी मी थांबलो नसतो. एक करा, रात्री तो घोरताना आणि श्वास थांबताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा, आणि डॉक्टरांना दाखवा. घरच्यांना पण दाखवा. आमच्या चुलत भावाच्या घरी आजोबांचा विरोध होता तो त्या व्हिडिओनेच मावळला, आजोबा म्हणाले उद्याच घेऊन जा.

बडोदेकर_आई

मी वडोदऱ्याहून. घाबरवायचं नाहीये पण ही गोष्ट कुणीतरी लिहायला हवी.

आमच्या मुलाला ऑपरेशननंतर साधारण आठवड्याने रक्त आलं. सगळं छान चालू होतं, खायला लागला होता, आम्ही निर्धास्त झालो होतो. रात्री झोपेत सारखा गिळत होता, गट गट आवाज, मला वाटलं तहान लागली असेल, दिवा लावून बघते तर ओठाच्या कोपऱ्यात ताजं लाल रक्त. मग उलटी झाली त्यातही काळपट गुठळ्या. तसंच उचलून गाडीत घातलं आणि कॅज्युअल्टीला नेलं, वाटेत त्याला पुढे वाकवून बसवलं होतं की रक्त घशाखाली जायला नको. तिथे लगेच सलाइन लावलं, रक्त तपासलं आणि परत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेऊन ती जागा बंद केली. दोन दिवसांत घरी, आता एकदम ठणठणीत आहे, क्रिकेट खेळतो.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की पहिल्या २४ तासांत येणारं रक्त वेगळं, आणि पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान खपली सुटते तेव्हा येणारं वेगळं. दुसरं थोड्याच मुलांना होतं पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. थुंकीत एखादी गुलाबी रेघ वेगळी, ती बघून फोन करून विचारा. पण ताजं लाल रक्त आलं, किंवा मूल झोपेत सारखं गिळतंय, किंवा उलटीत रक्त, तर बर्फ चघळायला देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. म्हणून पहिले दोन आठवडे गावाला जाऊ नका, लग्नकार्याला नको, हॉस्पिटल जवळ असलं पाहिजे आणि रात्री गाडी कोण चालवणार हे ठरलेलं पाहिजे. आणि त्या दिवसांत मूल आपल्या खोलीतच झोपवा. एवढंच सांगायचं होतं. हे होऊनसुद्धा मला विचाराल तर करा, कारण त्याची झोप सुधारली ती मी बघतेय.

सुदामानगरची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. लष्करवाले दादा, व्हिडिओ काल रात्रीच काढला. सासूबाईंना अजून दाखवला नाही, हिंमत होत नाहीये. बडोदेकर ताई तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, आमचं माहेर देवासला आहे, तिकडे घेऊन जायचा विचार होता आरामासाठी, आता इथेच राहू.

अजून विचारायचंय की कोब्लेशनचे पैसे बरेच जास्त सांगितलेत, त्याने खरंच कमी दुखतं का? आणि भुलीबद्दल कुणी सांगेल का, हे फार घाबरलेत.

काकू_रामबाग

बाळा, मी रिटायर्ड स्टाफ नर्स आहे, ओटीत बरीच वर्षं काढलीत, रामबागेत राहते. सासूबाईंना माझ्या वयाची म्हणून सांग हे.

पहारेकरी ही गोष्ट खोटी नाही, टॉन्सिल प्रतिकारशक्तीचाच भाग आहे. पण ते एकटे नसतात. घशाच्या भोवती तसल्या पेशींचं अख्खं कडं आहे, जिभेच्या मागे आहे, नाकामागे आहे, शिवाय मानेतल्या गाठी, प्लीहा, सगळं शरीर ते काम करतं. दोन टॉन्सिल गेल्याने मूल नाजूक झालं असं मी पाहिलं नाही. उलट जे टॉन्सिल सारखे सुजून श्वासाची वाट अडवतात ते राखणीपेक्षा त्रासच जास्त देतात. गुळण्यांनी घशाला आराम पडतो, पण एवढे वाढलेले टॉन्सिल गुळण्यांनी आक्रसत नाहीत.

कोब्लेशनमध्ये मिठाच्या पाण्यातून करंट देऊन ते कमी तापमानाला काढतात, जाळून काढायच्या पद्धतीत उष्णता जास्त असते. सुरुवातीचे दिवस थोडं कमी दुखतं असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, पण टॉन्सिल दोन्हीकडे निघतातच आणि रक्ताची काळजी दोन्हीकडे घ्यावीच लागते. माझं मत विचारशील तर तुझे सर्जन रोज ज्या पद्धतीने करतात, ज्यात त्यांचा हात बसलाय, ती निवड. पैशांची ओढाताण करून मशीनच्या मागे लागू नकोस.

भुलीआधी तपासणी होते, पीएसी म्हणतात, त्यात भूलतज्ज्ञ मुलाला बघतात आणि रक्त तपासणी होते. तिथे सगळं मोकळेपणाने सांगायचं. घरात कुणाला जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही असं आहे का, याला दमा आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, घरी काढे किंवा कसली पुडी देता का, सगळं. तुझा सहा वर्षांचा आहे म्हणजे दुधाचे दात हलत असणार, कुठला दात हलतोय ते नक्की दाखव, भूल देताना तोंडातून नळी घालतात तेव्हा तो निघून घशात जायला नको. रात्री श्वास थांबतो हे तर सगळ्यात आधी सांग आणि व्हिडिओ दाखव, अशा मुलांना ऑपरेशनच्या रात्री ऑक्सिजन मोजायचं मशीन लावून नजरेखाली ठेवतात, म्हणून त्याच दिवशी घरी जायचा आग्रह धरू नका. ऑपरेशनच्या आधी सर्दी-ताप आला तर लपवायचं नाही, तारीख पुढे गेली तर जाऊ दे.

उपाशी ठेवण्याचं पण नीट समजून घे. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तीच वेळ पाळायची. आजी लोक प्रेमाने बिस्किट देतात आणि मग केस पुढे ढकलावी लागते, म्हणून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव.

आणि औषधांचं, घरात पडलेलं खोकल्याचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. कोडीन असलेलं तर अजिबात नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार वेगाने होतं आणि श्वास मंदावतो, टॉन्सिल काढलेल्या मुलांचे जीव गेलेत त्याने, २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने या ऑपरेशननंतर ते देऊच नका असा कडक इशारा काढला. ॲस्पिरिन पण नाही, रक्त पातळ होतं.

पॉलिसीवाला_दादा

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मेडिक्लेम असेल तर आधी पॉलिसीचे कागद उघडून बघा, टॉन्सिल आणि ॲडेनॉइड बहुतेक पॉलिसींमध्ये वेटिंग पीरियडच्या यादीत असतात, म्हणजे तेवढा काळ झाल्याशिवाय क्लेम मिळत नाही. आरोग्य संजीवनी या पॉलिसीत हा २४ महिन्यांचा आहे. मुलाचं नाव पॉलिसीत कधी घातलं ती तारीख महत्त्वाची, तुमची पॉलिसी जुनी असून उपयोग नाही. कॅशलेस हवं तर ॲडमिट व्हायच्या आधी प्री-ऑथ (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी) टाकून घ्या, हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचं काम बघतात तिथे, होतं. आणि आयुष्मान कार्ड असेल तर ते हॉस्पिटल योजनेत आहे का आधी विचारा.

राजेंद्रनगर_मराठी

शाळेबद्दल राहिलं होतं. दोन आठवडे धरून चाला, एप्रिलचं नवीन सत्र सुरू व्हायच्या आत बसत असेल तर उत्तम, नाही बसलं तर सुरुवातीचे दिवस बुडले तरी काही होत नाही. धावपळ, सायकल, पोहणं पण तेवढे दिवस बंद. आणि इंदूरचं मूल म्हणजे पोहे-शेव मागणारच, आमची रोज मागायची. पोहे मऊ करून पाचव्या-सहाव्या दिवशी दिले, पण शेव, टोस्ट, कचोरी टोचतात, ते दोन आठवडे घरात आणूच नका, दिसलं की हट्ट.

सुदामानगरची_आई

काल सासूबाईंना व्हिडिओ दाखवला. काही बोलल्या नाहीत, दोनदा परत लावायला सांगितला, आणि मग म्हणाल्या की ऑपरेशनच्या रात्री मी पण हॉस्पिटलमध्ये थांबणार. काकू, तुमचं लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं, बिस्किटाचं पण. मंगळवारी पीएसी आहे. हलणारा दात खालचा पुढचा आहे, लिहून ठेवलंय.

एकच राहिलंय, मुलाला काय सांगायचं? हे म्हणतात फिरायला जातोय म्हणून न्यावं, मला ते बरं वाटत नाही.

राजेंद्रनगर_मराठी

फिरायला असं सांगून नका नेऊ ताई. आम्ही दोन-तीन दिवस आधी सांगितलं होतं, फार आधी सांगितलं असतं तर तेच तेच डोक्यात घेऊन बसली असती. सांगितलं की डॉक्टर झोपवतील, झोपेत काही कळणार नाही, उठशील तेव्हा घसा दुखेल, बरेच दिवस दुखेल, पण औषध आहे आणि आई रात्रभर तिथेच आहे. दुखणार नाही असं नाही सांगितलं. नंतर औषध घेताना तिचा विश्वास राहिला त्यामुळे, कडू आहे म्हटलं तर कडू आहे हे तिला माहीत होतं. आवडीचं एखादं खेळणं ओटीच्या दारापर्यंत नेऊ देतात, विचारून ठेवा. मंगळवारी काही लागलं तर इथे मेसेज टाका, मी बघते.

काकू_रामबाग

पीएसीला गेलीस की सकाळचा पहिला नंबर मागून घे, लहान मुलांना बहुतेक देतात. उपाशी कमी वेळ राहावं लागतं.